दहावा गोल

३ मार्च, मंगळवार

ड्रॉ निघाला. आमच्या गटात त्याच! गेल्या वेळी आम्हाला चौदा गोल मारून गेल्या, त्याच. कोच सरांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका बाईंच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून उभी होते. फोन कानाला, नळी हातात. नळी घसरली. डॉक्टर म्हणाले, "लक्ष कुठंय?" लक्ष कुठं असणार — चौदात!

डॉक्टर तसे भले. रजेला कधी नाही म्हणत नाहीत. प्रत्येक पेशंटला सांगतात, "ही आपल्या देशाच्या टीममध्ये आहे बरं का. नऊ नंबर. फॉरवर्ड!" पेशंट आ वासून पडलेला, बिचारा काय बोलणार. एकदा एका आजोबांनी गुळणी थुंकून विचारलं, "मग किती गोल मारले पोरी?" मी म्हटलं, आजोबा, परत आ करा.

सहा वर्षं झाली. एकही नाही. हे इथे लिहिते, बाकी कुठे बोलत नाही.

६ मार्च, शुक्रवार

फुटबॉल संघटनेचे सचिवसाहेब सरावाला आले. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून फरशीवरूनच बोलले. "चौदा, अकरा, तेरा. लोक हसतात. यापुढे दोन आकडी स्कोअर नको. या वेळी दहा झाले तर चार वर्षं मुलींची टीम बंद. वरून ठरलंय." मग आवाज मऊ करून म्हणाले, "नऊपर्यंत चालेल."

नऊपर्यंत चालेल! जसं काही आम्ही गिऱ्हाईक आणि त्या दुकानदार, थोडं कमी करा हो ताई.

चार वर्षांनी मी तेहतीस. संपलंच की मग.

आमची गोलकीपर — तिला सगळे 'भिंत' म्हणतात, मुलांच्या टीमने टिंगल म्हणून ठेवलेलं नाव, तिने हट्टाने तेच लावून घेतलं — ती म्हणाली, "साहेब, आणि आपण एखादा मारला तर?" साहेब हसले. सर हसले. आम्हीही हसलो. मी सगळ्यात मोठ्याने. का हसले मी? नऊ नंबर माझा आहे ना!

९ मार्च, सोमवार

अर्धंच मैदान मिळतं. पलीकडच्या अर्ध्यावर मुलांची टीम. म्हणजे गोलपोस्ट एकच, आणि तो आपला. सर म्हणतात, "आपल्याला लागतं तेवढंच आहे." बरोबरच आहे त्यांचं. बॉल आला की काढायचा. कुठेही. रेषेबाहेर, झाडात, नाल्यात. "काढ बाहेर! काढ!" दोन तास हेच. लांब गेला की टाळ्या.

सर वाईट नाहीत. त्यांना कोणी दुसरं काही शिकवू दिलंच नाही.

१४ मार्च, शनिवार

आईने बॅग भरली. मोजे दोन जोड जास्त घातले. ती मॅच बघत नाही, टीव्ही लावतच नाही. स्कोअर शेजारच्या काकूंकडून कळतो तिला. मी घरी आले की पाण्याचा पेला पुढे करते आणि आत निघून जाते. सहा वर्षांत एक शब्द विचारला नाही. मला त्याची चीड येते आणि बरंही वाटतं.

१९ मार्च, गुरुवार

पोहोचलो. त्यांचा सराव जाळीबाहेरून पाहिला. पाहायला नको होता.

त्यांच्यात एक बाई नुसती त्यांच्या झोपेचं बघते म्हणे. झोपेचं! भिंत सकाळी शाळेची व्हॅन चालवते, दुपारी परत पोरं सोडते, मग सरावाला. तिची झोप कोण बघणार? त्या सहाव्या वर्षापासून खेळतात. मी चौदाव्या वर्षी पहिल्यांदा खरा फुटबॉल पाहिला, तोही हवा गेलेला.

त्यांची एक मुलगी माझ्याच वयाची असावी. मला पाहून हात हलवला, छान हसली. रागही धरता येत नाही अशी माणसं! त्यांनी आमचं काही हिसकावलेलं नाही. त्या नुसत्या पुढे गेल्या, आणि आम्हाला कोणी हाकच मारली नाही.

२० मार्च

सर म्हणाले, "पहिला गोल लवकर खाऊ नका." म्हणजे खायचाच आहे.

२१ मार्च, शनिवार

हरलो. शून्य–नऊ. टीम वाचली!

सगळं लिहून ठेवते. मध्यंतरापर्यंत पाच झाले होते. भिंतीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पट्टी बांधायलाही थांबली नाही. मग त्यांनी चार नव्या मुली उतरवल्या, ताज्यातवान्या. आमच्या पायांत गोळे. सात, आठ, नऊ. नवव्याला तर त्यांनी आनंदही केला नाही, चुपचाप मागे वळल्या. त्यापेक्षा नाचल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटची दोन-तीन मिनिटं असतील. त्यांच्या सगळ्याजणी आमच्या बॉक्सपाशी. त्यांची गोलकीपरसुद्धा कंटाळून मधल्या वर्तुळापर्यंत आलेली, कमरेवर हात. भिंतीने उडी मारून बॉल ढकलला, तो कोणाच्या तरी पाठीवर आपटून माझ्याकडे आला. मी फिरले. पळाले. गोलकीपरच्या बाजूने निघून गेले — मी! समोर कोणी नाही. पांढरी जाळी, सताड उघडी. इतक्या जवळून तो गोल मी कधी पाहिलाच नव्हता.

बाकावरून सर ओरडले, "काढ बाहेर!" सगळ्या ओरडल्या, "काढ! काढ!"

पायाने काढला. रेषेबाहेर, पार जाहिरातींच्या फळ्यांपलीकडे. आणि टाळ्या! आमच्याच बाकावर टाळ्या. बॉल आणायला त्यांची मुलगी धावली, तेवढा वेळ गेला, शिट्टी झाली. मला उचलून घेतलं सगळ्यांनी. सर म्हणाले, "डोकं वापरलंस!" डोकं कुठलं. पाय होता तो.

त्यांची ती हसणारी मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. हसत नव्हती. काहीतरी विचारल्यासारखी बघत होती.

२२ मार्च, रविवार

बसमध्ये सगळ्या गात होत्या. भिंत माझ्या शेजारी, पाय लांब करून. म्हणाली, "मारायचा होतास गं."

मी म्हटलं, चुकला असता, त्यांनी परत चढाई केली असती, दहावा झाला असता, टीम गेली असती. सगळं पाठ केल्यासारखं.

"हो, ते आहेच," म्हणाली. खिडकीबाहेर बघत राहिली. मला रडू आलं. तिने पाहिलं नसल्यासारखं केलं.

२५ मार्च, बुधवार

सचिवसाहेबांनी चहा दिला सगळ्यांना. "नऊवर रोखलंत! पुढच्या वेळी सहा!" हा आमचा विकास.

घरी पाण्याचा पेला. आई आत गेली.

१ एप्रिल, बुधवार

काल सरावाला नव्या मुली आल्या. सरांनी त्यांना माझी ती किक मोबाइलवर दाखवली. "बघा, असं शांत राहायचं." एक पोरगी म्हणाली, "पण सर, समोर गोल रिकामा होता ना?" सर म्हणाले, "तिकडे बघायचंच नाही." मी बूट काढत बसले होते. उठून निघून आले. मला वाटतं मी आता खेळू नये. टीम वाचवून काय वाचवलं मी, हेच कळत नाही. आम्ही हरायला शिकलो आहोत आणि तेच पुढे शिकवतो आहोत.

९ एप्रिल, गुरुवार

निकाल फिरला. त्यांनी उत्तरार्धात उतरवलेल्या एका मुलीवर एका सामन्याची बंदी होती. कोणी तपासलंच नाही. आमच्याविरुद्ध कशाला तपासतील! त्यांना फरक पडत नाही, त्या तशाही पुढच्या फेरीत. नियमाप्रमाणे सामना आमच्या नावावर: तीन–शून्य. आम्ही जिंकलो. गोल मारणाऱ्यांच्या रकान्यात कोणीच नाही.

काकूंनी आईला सांगितलं. आई धावत माझ्या खोलीत आली, हात ओलेच. "तीन मारलेत म्हणे! त्यात तुझे किती?"

"एक," मी म्हटलं.

पलंगावर बसलीच ती. "कसा मारलास, सांग ना."

मी सांगितलं. त्यांची गोलकीपर पुढे आली होती, मी तिच्या बाजूने निघाले, समोर कोणी नव्हतं. तिथपर्यंत सगळं खरं होतं.