कांद्याचं पाणी

ओतूर,
२० जानेवारी २०२५

जहाँआरास,

साळूचा नमस्कार आणि सलाम. दोन्ही घे, फुकट हायेत.

तुझी टाच कशी हाय? रविवारी मनालची मंगनी. आईच लंगडत फिरली तर पावणं म्हणायचे, पोरीला पण जरा चालवून बघा.

अकबरभावजी आज ओतूरला आलेत, त्यांच्याच हाती पत्र देतेय. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय. फाटलेलं दिसलं तर त्यांना रात्री जेवायला वाढू नको. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाय.

परवा तू फोनवर म्हणालीस, "साळू, मंगनीचे तुर्की कबाब आता तू नि मीच करू. ठकूला मी नको म्हणून सांगितलंय." फोन ठेवला आणि मी घरात एकटीच हसले. चार महिनं मी ह्याचीच वाट बघत व्हते.

आठवतंय ना, तू मोबाईलात बघून ते कबाब शिकलीस. नुसतं मटण परवडंना म्हणून निम्मा खिमा कोंबडीचा घातलास, वर शिळ्या पावाचा चुरा. त्या तुर्कांची आंबट पूड जुन्नरात मिळंना, तर आमसूल वाळवून कुटलंस. डोकं सगळं तुझं, मळायला मी. मग एक दिवस म्हणालीस, "साळू, तेरा हात गरम है. चरबी वितळती, मांस लोखंडी पट्टीला धरत नाय. ठकूचा हात बघ, बर्फ हाय बर्फ."

ठकूचा! माझ्याच आळीतली, मीच तिला एसटीत बसवून तुझ्याकडं आणलेली. अगं, बावीस वर्षं माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यास, तवा नाय हात गरम लागला? माझा नवरा गेला तवा तीन दिवस हाच हात धरून बसली व्हतीस.

मग तुमचं दोघींचंच सुरू. ठकू मळती, तू भाजतीस. ती हसती, तू टाळी देतीस. आणि साळूनं काय करायचं, तर कोपऱ्यात बसून कांदं किसायचं. डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणाला शंका नाय. मी मनात म्हणायची, एवढा गार हात जित्या माणसाचा असतो व्हय, डॉक्टरला तरी दाखवा.

आणि मग आळेफाट्याला बचत गटांचा मेळावा झाला, तिथं आपण कबाब विकायला लावले. कबाब पट्टीवरनं सुटून निखाऱ्यात पडले. लोक हसले. तू सगळ्यांदेखत ठकूला म्हणालीस, "मेरी इज्जत निकाली तूने." ती खाली मान घालून पट्ट्या घासत बसली. मी कांद्याची सालं गोळा करत बसले.

काल दुपारी ती माझ्याकडं आली. पदराखाली पाव किलो खिमा. म्हणाली, "साळूताई, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. तुमी शेजारीच व्हता."

माझ्याच चुलीवर तिनं सगळं परत केलं. कांदा किसला, फडक्यात घालून पिळला, पार कोरडा केला. मळलं, पट्टीला थापलं, भाजलं. जहाँ, एक कबाब गळला नाय. मी तीन खाल्ले. लई ब्येस झालेले मेलीचे.

तर ती रडाय लागली. "हितं जमतंय, मंग तिथंच का नाय? माझ्याच हाताला कायतरी झालंय ताई. आता चार माणसांत मी चुलीम्होरं बसायची नाय."

मी तिला चहा दिला. दुसरं काय द्यायची हिंमत झाली नाय.

आळेफाट्याला तू कोळसा आणायला गेलीस, ठकू हात धुवायला गेली. पिळलेल्या कांद्याचं पाणी पातेल्यात तसंच व्हतं. मी ते सगळं खिम्यात ओतलं आणि कालवून ठेवलं. चुकून नाय. तिची फजिती व्हावी म्हणूनच.

तुला वाटंल साळू मस्करी करती. माझी सवयच तशी. पण ही मस्करी नाय.

उद्या सकाळी ठकूच्या दारात जाऊन हेच तोंडानं सांगणार हाय. तिची सासू घरात असली तरी. तू तिला रविवारी बोलव आणि जसं सगळ्यांदेखत बोललीस तसंच सगळ्यांदेखत मागं घे. ती मला आवडायला लागली असं मात्र समजू नको. अजूनबी नाय आवडत. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाय.

मला रविवारी बोलवायचं का नाय, ते तू ठरव. नको वाटलं तर मनालला सांग, मावशी आजारी हाय. नाय, खोटं नको सांगू. खरं काय ते सांग पोरीला.

भावजी बाहेर हाका मारतायत, एसटी सुटंल म्हणून.

जिला तुझ्या बाजूला दुसरं कुणी बसलेलं अजून बघवत नाय ती,
साळू