मोहाखाली पिकलेला फोन

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजी चहात साखर घेत नाहीत ना (तू बघत नसतानासुद्धा)? मी ठीक आहे. वजन वाढलंय, म्हणजे जंगलात मी वाळून जाईन हा तुझा अंदाज चुकला. चंद्रपूरची बदली मी नाकारली, तुझी सगळी धावपळ वाया गेली, आणि दिवाळीत तू म्हणालीस, "आता मले फोन करू नको." पण मी करते गं, दर रविवारी. लागत नाही, एवढंच.

इथे रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाखाली, एका दगडावर येते. तीही साधारण सहा खेपांत एकदा, फाशावर सहा पडावा तशी. (गणिताची बाई आहे मी, महिनाभर सगळ्यांच्या खेपांच्या खुणा वहीत केल्या.) म्हणजे सरासरी सहा खेपा. पण सरासरी वहीत राहते, दगडावर आपण एकटेच असतो. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी मी आठ वेळा लावला आणि फोन मांडीवर ठेवून बसले, तर मोहफुलं वेचणारे वारलूभाऊ टोपली ठेवून आले. "सरका बाई. तुमी आठ खेपा करून ठेवल्या, आता पिकला फोन. मले लावू द्या." मी समजावलं, नवव्या खेपेलाही शक्यता सहांत एकच, मागच्या खेपा फोनला आठवत नाहीत. (तो तुझ्यासारखा नाही.) "मंग तुमी काऊन बसून राह्यल्या?" असं म्हणून त्यांनी नंबर दाबला आणि पहिल्याच खेपेला लागला! गडचिरोलीच्या लेकीशी कोंबड्यांपासून जावयापर्यंत सगळं बोलून झालं. आता वेचायला येणाऱ्या बायका माझ्यामागे रांग धरतात. सुकरीबाई तर सांगूनच टाकते, "बाई, तुमी चार-पाच डाव लावा, मंग मी येतो."

माझं गणित कोणी ऐकत नाही. मीही हल्ली जोर करत नाही. फुलं कानाजवळून टपटपतात, फोनात तो पोकळ आवाज येत राहतो, आणि त्यात मला तुझा ओटा दिसतो, खिडकीतली तुळस दिसते. प्रत्येक खेप कोरी. आधीचं काही घडलेलंच नाही, भांडणसुद्धा.

तुझीच,
स्वाती

ता. क. गुडघ्यासाठी मोहाच्या बियांचं तेल पाठवते. वास सहन कर.

आणखी ता. क. त्या रविवारी आठव्या खेपेला लागला होता. माझं नाव दिसलं असेल, तरी तू उचललास. "हालो" म्हणालीस, मागे कुकरची शिट्टी झाली, आणि मी घाबरून कापला. वारलूभाऊंना हे सांगितलेलं नाही. पत्र मिळाल्यावरच्या रविवारी "हालो"च्या पुढे एक शब्द तू बोल. लागेपर्यंतचं मी बघते.