एकतीस ठोके आणि एक वरवंटा

धामणगाव बढे
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सकाळी नळाला पाणी आले. दोन पितळी गुंड भरले. नव्या भिंतीवरची धूळ पुसली. दुपारी शेजारच्या उकंडरावांची सून रुपाली सांगून गेली की तेवीस तारखेला तिच्या मुलीचे बारसे आहे, वरवंटा लागेल. मी हो म्हणालो. मग हे पत्र लिहायला घेतले.

प्रिय राजकुमारभाऊ यांस जानरावचा नमस्कार.

आपण सर्व खुशाल असाल. माझी प्रकृती ठीक आहे. तुमच्या ताईला जाऊन उद्या पाच महिने होतील. तेरवीला पंगत बसली असताना आपण ‘संरक्षक बांधकामातील उच्च-शक्ती काँक्रीटची आघातरोधकता’ या आपल्या प्रबंधावर पाऊण तास बोललात, त्याचा गावात अजून दबदबा आहे. (वाढपी वरणाची बादली धरून उभे होते.) ट्रॅक्टरने आमचा ओटा दोनदा फोडला तेव्हा ताई त्या ओट्यावर बसत असे, आणि आपण फोनवर ‘बघू’ म्हणाला होतात. आता तिथे कोणी बसत नाही, तेव्हा ओट्याला संरक्षण हवेच, हे आपले म्हणणे मी मान्य केले.

आपल्या कागदाबरहुकूम नजीर मिस्त्रीने ओट्यापुढच्या भिंतीचे काम धरले. पाण्याचे माप पाहून तो म्हणाला, "एवढ्या पाण्यात तर चहा बी नाही होत भाऊ." मग त्यात पोलादी तारेचे तुकडे टाकायचे आहेत हे कळल्यावर, "भिंत बांधून राह्यलो का सायाळ पाळून राह्यलो?" तरी त्याने सर्व केले. नमुन्याची लादी अठ्ठावीस दिवस हौदात बुडवून ठेवली. (तितके दिवस मी कपडे बाहेरच्या नळावर धुतले.)

मग परीक्षा. साडेचार किलोचा लोखंडी गोळा हातभर उंचीवरून एकाच जागी टाकत राहायचा आणि तडा जाईपर्यंत ठोके मोजायचे, असे आपण लिहिले होते. असा गोळा गावात कोणाकडे नाही. उकंडरावांनी दुकानातले पाच किलोचे वजन दिले नाही, त्यावरचा सरकारी छाप बिघडेल म्हणून, पण ठोके मोजायला मात्र ते आनंदाने आले. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून वरवंटा बाहेर आला. तोलला तर बरोबर साडेचार किलो. हा तुमच्या बाबांनी ताईला लग्नात दिलेला. आमच्या घरी पाळणा हलला नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक बारशाला टोपडे घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरायला हाच जात असे. परत आला की ती त्याला धुऊन, पुसून ठेवी.

वीस ठोक्यांनंतर नजीर थांबला. उकंडराव ओरडले, "काऊन थांबला बे? टाक!" एकतिसाव्या ठोक्याला वरवंट्याचे दोन तुकडे झाले. लादीवर ओरखडा नाही. उकंडराव म्हणाले, "लिहा जानरावभाऊ, एकतीस. पास!" टाळ्या पडल्या. आपल्या शास्त्राचा विजय झाला, अभिनंदन. भिंत उभी राहून महिना झाला. आतापर्यंत तिला एका बकरीने धडक दिली आहे. दोघीही शाबूत आहेत.

उकंडरावांनी घरी काही सांगितलेले दिसत नाही. रुपालीने टोपडेसुद्धा शिवून ठेवले आहे.

आपला,
जानराव

ता. क. आपल्या प्रयोगशाळेत दगड सांधणारे काही असेल तर वीस तारखेच्या आत पाठवावे. फार ताकदीचे नको. बारशापुरते टिकले तरी चालेल, टोपड्याखाली सांधा दिसणार नाही.

ता. क. दुसरी. वरवंटा बाहेर आला असे मी वर लिहिले आहे. तो मीच आणला. नजीर म्हणत होता, "राहू द्या भाऊ, भाभीचा हाय." पण तेरवीनंतर पहिल्यांदाच अंगणात इतकी माणसे जमली होती, आणि ती जाऊ नयेत असे मला वाटत होते.

ता. क. तिसरी. पाकीट चिकटवण्याआधी ठेचा वाटून घेतला. मोठा तुकडा हातात बसत नाही, लहान बरा पडतो. मिरच्या दोनच घेतल्या. पाटा धुऊन उभा करून ठेवला.