मिनिटाला वीस

२ एप्रिल १९८६
पोचले एकदाची! कंधारहून लातूरला यायला दोन एसट्या बदलल्या, ट्रंकेचं कुलूप वाटेत तुटलं, तरी मजेत आहे. खोली छोटी पण हवेशीर. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी इथल्या लोकांची मान अजून ताठ आहे. नळाला पाणी मात्र नाही. दवाखान्याची विहीर आटली आहे आणि टँकर भर दुपारी येतो.

नर्सिंगच्या अकरा विद्यार्थिनी माझ्या हाती दिल्यात. शिकवायचं एकच: रोगी बिघडतोय हे वेळेत ओळखायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची. माझी थोरली बहीण अशीच वॉर्डात गेली. तक्त्यावर सगळं ठीक लिहिलं होतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे.

रेणापूरची पंचशीला फार प्रश्न विचारते. मला आवडली. घरातली पहिली शिकलेली. आईला पांढरा गणवेश दाखवायची तिला घाई झाली आहे.

५ एप्रिल
आज तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी दहाला बायकांच्या वॉर्डात गेले, तर दुपारी दोनचे आणि संध्याकाळी सहाचे रकाने आधीच भरलेले! सगळ्यांचा श्वास मिनिटाला वीस. म्हाताऱ्या सरजाबाई सिस्टर म्हणाल्या की दुपारी टँकरच्या रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून सकाळीच उरकतात. मी नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि रकाना मोकळा ठेवू नका, एवढंच सांगितलं.

९ एप्रिल
पोरींना श्वास मोजायला शिकवलं. नाडी बघतोय असं भासवायचं आणि हळूच छातीकडे बघायचं, कारण मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. एकोणीस खाटांवर मोजून झालं आणि एकोणीसही जणींचा वीसच आला. पोरींनी न मोजताच लिहिलं असेल म्हणून मी स्वतः मोजलं. वीसच. एकोणीस छात्या एकदम वर येत होत्या आणि एकदम खाली जात होत्या. पंख्याचा आवाज थांबला तेव्हा ते ऐकूही आलं.

११ एप्रिल
सात नंबरला निलंग्याकडची शरणम्मा आहे. आज तिचं मनगट धरलं. गार. नाडी नाही. गळ्याशी नाही, काखेत नाही. श्वास वीस. डोळे उघडे होते आणि मी जाईन तिकडे फिरत होते.

मी आगाऊ भरणं बंद करवलं. दोन वाजले, रकाना मोकळा राहिला आणि तिची छाती थांबली. दिवा मालवावा तशी.

सरजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "ती संक्रांतीलाच गेली हुती, मॅडम. लेक कामाला लई लांब गेलाय. त्यो येईस्तोवर ऱ्हावी, म्हणून मी लिहीत हुते."



१५ एप्रिल
आता खरे आकडे येतात. चोवीस. अठ्ठावीस. छत्तीस. पोरी पटकन ओळखतात, धावत येतात, मला त्यांचा अभिमान वाटतो. पण किल्लारीकडे गॅस्ट्रोची साथ आहे, आमच्या दवाखान्याचे एकमेव डॉक्टर तिकडे. हाक मारायची कुणाला? चार दिवसांत पाच बायका गेल्या. पाचही जणींचं बिघडणं आम्ही वेळेत ओळखलं होतं.

१८ एप्रिल
पंचशीलाला सकाळपासून जुलाब. श्वास सव्वीस. तिने तो स्वतःच मोजला आणि मला आकडा सांगितला. डॉक्टरांना आणायला जीप पाठवली. सलाइनच्या शेवटच्या दोन बाटल्या लावल्या.

दुपारी चौतीस. जीप परत आली, डॉक्टर पुढच्या गावी गेलेत.

चार वाजता बेचाळीस. मग मध्येच थांबायला लागला. मी शिकवलेलं सगळं केलं. सगळं.

सहाच्या रकान्यात मी वीस लिहिलं.

१९ एप्रिल
वीस. हात गार. नाडी —
ती बघते आहे.

२१ एप्रिल
तिची आई, पंचफुलाबाई, रेणापूरहून आली. पोरीची छाती हलताना पाहून माझ्या पायाच पडली. मी पाय मागे घेतले. सांगता आलं नाही.

दहा, दोन, सहा. सहाचा आकडा सकाळपर्यंत पुरतो. मी भरते. सरजाबाई माझ्याकडे बघतही नाहीत.

२४ एप्रिल
पाणी घेत नाही. पापणी लवत नाही. माश्या — आई हाकलते.
ओठ हलतात, आवाज नाही. मी वाकून पाहिलं.
"पुरं."
आईला वाटलं, पाणी मागते.

२५ एप्रिल
दोनच्या रकान्यावर नखाचा ओरखडा. कागद फाटेपर्यंत. बाजूला लिहिलं. वीस.
मी इथे हेच बंद करायला —

२६ एप्रिल
पावणेदोन. आज लिहायचं नाही. ठरलं. पंचफुलाबाईंना सगळं सांगितलं.
त्यांना माहीत होतं. "तुमचं पेन टेकलं की तिची छाती हालती, मी बघून ऱ्हायले ना. लिवा, मॅडम. मला एकच लेक हाय."

दोनला एक मिनिट कमी. पेन टेकवलं —

रकान्यात नुसता दोन उमटला आहे. पुढचं शून्य राहिलंय. ही ओळ डाव्या हाताने लिहिते आहे, उजवं मनगट धरलंय. पंचफुलाबाईंचे दोन्ही हात माझ्यापुढे जोडलेले आहेत.
हा हात गार आहे.
अर्ध्या मिनिटात छाती एकदा वर आली. आता दुसऱ्यांदा. आई म्हणते शून्य काढा, शून्य काढा, आणि पंचशीला माझं मनगट —