वार्निश न खरवडलेली तार

धरणगाव,
३ ऑगस्ट

प्रिय हेमांगी,

फोन उचलत नाहीस ते बरंच करतेस. फोनवर मी बोलायला लागलो असतो, आणि एकदा बोलायला लागलो की मी कुठे जाऊन पोचतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कागदावर निदान आवाज चढवता येत नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली, कारण वाचताना दोन्ही फार चांगली वाटत होती.

आईचा गुडघा आता बरा आहे. धुळ्याला तुझ्या खोलीत पाणी वेळेवर येतं का, असं ती रोज मलाच विचारते. पाऊस बरा झाला, कपाशी गुडघ्याला लागली. आपल्या शेतातल्या काठ्या मी गेल्या आठवड्यात उपटल्या, चाळीसच्या चाळीस. तांब्याची वेटोळी सोडवून गोणीत भरत होतो, तर बांधावरून शेजारचा भिकन ओरडला, "काय नाना, वीज कापाई गई का?" मी पुढचं वेटोळं सोडवायला घेतलं. तो बिचारा हसता हसता थांबला.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या काठ्या रोवताना तू शेजारी उभी होतीस. बांबूला तांब्याची तार गुंडाळली की हवेतली वीज मुळांशी उतरते आणि पीक खताशिवाय वाढतं, हे मी तुला पुस्तकं उघडून दाखवत होतो. तू एवढंच म्हणालीस, नाना, रांगांच्या चिठ्ठ्या टाकू. निघतील त्यांना तार, बाकीच्या मोकळ्या. शेत म्हणजे भिशी नाही, असं म्हणून मी तुला गप्प केलं आणि रस्त्याकडच्या रांगा घेतल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. त्याच बाजूला तीन वर्षांपूर्वी तलावाचा गाळ पडला होता. ट्रॉल्या पुढे रुतायला लागल्या, म्हणून फाटकाजवळच सगळा रिकामा केला. तुला ते आठवत होतं. मलाही आठवत होतं, हेमा.

दिवाळीत तू चार दिवस वाकून बोंडं मोजलीस. तारेच्या रांगांत जास्त भरली, तेव्हा मी पेढे आणले. मग तू त्याच रांगांची मागची टोकं वेगळी मोजलीस. तिथे तार होती, पण गाळ पोचला नव्हता, आणि बोंडं बाकीच्या शेताइतकीच होती. तो कागद तू माझ्या टेबलावर ठेवलास. मी त्यावर चष्मा ठेवला.

पुस्तकांचंही सांगून टाकतो. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात लोकांनी शेतावर तारा टांगून पाहिल्या, काहींना पीक वाढल्यासारखं वाटलं, हे मी प्रत्येक भाषणात सांगत आलो. पुढच्याच पानावर लिहिलं होतं की पुन्हा करून पाहिलं तेव्हा तो फरक भरवशाने हाती लागेना. ते पान मी वाचलं होतं. सभेत मात्र कधीच वाचलं नाही.

आणि जामनेरचा मेळावा. तू सभेत उभी राहून गाळाचं विचारलंस, तेही किती नम्रपणे. मी माईक हातात घेऊन लोकांकडे वळलो आणि म्हणालो, "पोरीला शिकायला धुळ्याला पाठवली, तर तिला आभाळातली वीज दिसत नाही, बापाच्या शेतातला चिखल तेवढा दिसतो!" मंडप हसला. तू चपला शोधून बाहेर पडलीस. त्यानंतर मी पाऊण तास बोललो, खताच्या गोण्यांना हातसुद्धा लावू नका म्हणालो, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्या दिवशी पडल्या.

तुला वाटत असेल, बापाची बुद्धी फिरली, पण त्याचा विश्वास तरी खरा होता. सहा महिने मीही स्वतःला हेच सांगत होतो. ते खोटं आहे. मेळाव्याच्या चार दिवस आधी मी आणखी तार आणायला झुलालकडे गेलो होतो. विहिरीवरच्या जळक्या मोटारींची वायंडिंग पुन्हा भरणारा झुलाल. आपल्या काठ्यांची सगळी तार त्याच्याच दुकानातली, तसल्याच मोटारींतून काढलेली. त्याने सहज विचारलं, "नाना, तार खरवडेल शे ना? तारवर वार्निश ऱ्हास." मी विचारलं, नसली खरवडली तर? तो हसायलाच लागला. "मंग जमिनमा काय उतरी? तुमनं भाषण?" वीज अडवणारं ते वार्निश मी चाळीस काठ्यांवर एक इंचही खरवडलं नव्हतं. म्हणजे हंगामभर त्या रांगांना कसली वीज मिळालीच नव्हती, आणि तरी मी त्यांचं पीक विजेच्या नावावर दाखवत फिरत होतो. हे ठाऊक असताना मी जामनेरला गेलो, आणि हे ठाऊक असताना तुला हसलो.

आता सुनंदाबाईंचं. आपल्या खालच्या अंगाला त्यांची तीन एकर आहे. एकट्याच पाहतात. जामनेरला त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. यंदा त्यांनी खताचा एक दाणा टाकला नाही, शेतभर काठ्या रोवल्या. पन्नास दिवसांची कपाशी खालच्या पानांपासून पिवळी पडत चालली आहे. परवा मी त्यांच्या बांधावर जाऊन सगळं सांगितलं, गाळ, वार्निश, तुझा कागद, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. "नाना, तुम्ही मनी परीक्षा ली ऱ्हायनात ना? माले बठ्ठं याद शे." आणि ते पोरीचं, आभाळाचं, चिखलाचं वाक्य त्यांनी मला शब्द न् शब्द म्हणून दाखवलं, अगदी माझ्यासारखा हात उंचावून. मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, मोठी माणसं अशीच पारखतात.

मी खरं सांगतो तेव्हा त्यांना ते भाषण वाटतं. तुझं नाव घेतलं तर त्या हसतात, आणि ते हसू मीच त्यांना दिलं आहे. त्यांच्या पिकाला खत द्यायला अजून थोडे दिवस आहेत. किती ते तूच सांगू शकशील. म्हणून लिहितो आहे. तू ये. माझ्याकडे नको, घरी पाऊल टाकू नकोस हवं तर, सरळ त्यांच्या शेतात ये. पानं बघ, त्यांना नीट सांग. त्या ते वाक्य तुझ्या तोंडावर म्हणतील. ते तुला पुन्हा एकदा ऐकावं लागेल, आणि ते ऐकायला ये असं तुला तुझा बाप सांगतो आहे. मी तुझ्या मागे उभा राहीन. त्या माझ्याकडे बघतील, मी काय म्हणतो याची वाट बघतील, आणि मी तोंड उघडणार नाही.

तुझाच,
नाना