कागदाच्या पट्टीचे दोन भाग

१ डिसेंबर, सोमवार

प्रशिक्षण! अख्खा दिवस पनवेलात कागदी पिझ्झे कापत बसलो – चाळीस शिक्षक, निम्म्यांचे केस पिकलेले. शिकवणार कोण, तर वल्लरी मॅडम, वय सव्वीस. ‘मुलांना अपूर्णांक दिसला पाहिजे, हाताला लागला पाहिजे!’ चौथीच्या वर्गात कधी उभी राहिलीस का गं? गव्हाणच्या शाळेत बावीस वर्षं माझी पोरं पाठ करून शिकली. दिसलं कुणालाच काही नाही. गणितं सुटली.

२ डिसेंबर

परेशचा फोन. "ताई, शुक्करवारी रजा टाक. हक्कसोडीवर फक्त सही हाय." फक्त! बाबांची जमीन, मागे आम्ही दोघंच भावंडं, आणि हक्क सोडायचा मी. विमानतळ आल्यापासून भावाची माया नुसती उतू जातेय. हो म्हटलं. सगळ्याच बहिणी सोडतात.

३ डिसेंबर

केला एकदाचा तो प्रशिक्षणातला उपक्रम. ग्रुपवर फोटो टाकायचा असतो ना! प्रत्येकाला कागदाची एक पट्टी. म्हटलं, हे तुमचं शेत. घरात तुम्ही जितकी भावंडं, तितके सारखे भाग करा. निम्म्यांच्या घड्या वाकड्या. एकाने तर शेत चघळलं.

परेशची भाविका माझ्याच वर्गात – घरी आत्या म्हणते, शाळेत बाई. तिने नखाने दाबून नेटकी घडी घातली. दोन भाग. एकावर लिहिलं हृतिक, दुसऱ्यावर आर्यन.

"तिघं ना गं तुम्ही? चुकलं."

"नाय चुकलं, बाई. मना कशाला? मी सही करनार."

"कुणी शिकवलं हे?"

"तुमी शुक्करवारी करनार ना? पप्पा बोलले, शान्या पोरी भांडत नाय."

मग बाकीच्या मुलींच्या पट्ट्या पाहिल्या. भाऊ असलेल्या सात. पाचजणींनी स्वतःला गाळलेलं. लाल पेन हातात, आणि फुली मारवेना. संताप आला – स्वतःचाच. बावीस वर्षं काय शिकवलं मी, डोंबल!

४ डिसेंबर

फोटो टाकला. वल्लरी मॅडमचं उत्तर – ‘वा! किती सुंदर समान भाग!’ वर तीन फुलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

निबंधक कचेरीत गेले. सही केली नाही. परेश सगळ्यांदेखत ओरडला, "कोनी भरवलं तुज्या डोक्यात?" नाव सांगितलं नाही. नऊ वर्षांची आहे, आणि राहते त्याच्याच घरात.