उकंडरावांचा नंबर

शनिवार, १० फेब्रुवारी १९७३

निवृत्तीचं तिसरं स्थळ आज मोडलं. मुलात खोट नाही. झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, व्यसन नाही, स्वभावाने गरीब गाय. खोट पाण्यात. मुलीच्या मामांनी अंगणात उभं राहून विचारलं, पानी कुठून आनता? मी 'नगरपालिकेची स्कीम' म्हणायच्या आत सौ. सांगून मोकळी झाली. म्हणे, माळ्याच्या इहिरीवरून, जाऊन-येऊन मैलभर, दिवसाले बारा घागरी लागतात. मामांनी चहा अर्धा ठेवला.

एकतीस वर्षांच्या संसारात सौ.ला बोलायची वेळ म्हणून कळली नाही.

निश्चय: पाण्याचा प्रश्न आता मी स्वतः हातात घेणार.

सोमवार, १२ फेब्रुवारी

घेतला. हाफ डे काढून नगरपालिकेत खाजगी नळाचा अर्ज दिला. बाजार समितीत बावीस वर्षं ड्राफ्टिंग केलेला माणूस मी. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. रजिस्टरमध्ये आमचा नंबर ४१.

धरणात पाणी नाही, मान्य. पाऊसच झाला नाही तर धरण तरी काय करील. पण टाकी बांधून तयार आहे, गल्लीत पाइप पुरलेले आहेत आणि नंबर लागलेला आहे. म्हणजे नव्वद टक्के नळ आलाच. राहिलेले दहा टक्के म्हणजे पाणी.

घरी येऊन आडवा झालो. घसा कोरडा. तांब्या भरून द्यायला कोणी नाही. सौ. विहिरीवर.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सौ. दोन वाजता जेवायला बसली. कारण विचारलं. म्हणे, झरा आटला, आता घागरभर पानी साचाले वेळ लागते. बाया दगड मांडून नंबर लावतात. आपापल्या नंबरावर आपला दगड ठेवायचा, घरी जाऊन भाकरी टाकायच्या आणि हाक आली की पळायचं.

दगड! देशात काय काय चाललंय आणि आमच्या बायका दगड मांडून बसल्यात. मी तिला रजिस्टर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, हाव, आणि निघून गेली. हाक आली होती.

रविवार, १८ फेब्रुवारी

निवृत्तीला घेऊन खामगावला गेलो. सरकीचे व्यापारी भगवानराव यांची धाकटी मुलगी सिंधू बघितली. मुलगी उत्तम. निवृत्ती दोनदा हसला. त्या पोराला मी गेल्या वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं.

पण भगवानराव एकाच गोष्टीवर अडून. मोठी मुलगी गीता इहिरीच्या घरी दिली. पाच महिन्यांची पोटुशी असताना घागरीसकट पायरीवरून घसरली. लेकरू गेलं, पाय अजून ओढते. भगवानराव म्हणाले, एक पोरगी देऊन चुकलो, उकंडरावभाऊ. आता लहानीले नळ पाहूनच देईन. तुमच्या घरी नळ हाय काय?

मी म्हणालो, आहे.

हे खोटं नाही. नंबर लागलेल्या वस्तूला आहेच म्हणतात. बसमध्ये निवृत्ती माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आनंदाने असणार.

शनिवार, २४ फेब्रुवारी

खामगावहून पितळी तोटी आणली. नगरपालिकेचा फिटर भाऊराव याने ती अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी बसवून दिली. पाइप भिंतीपर्यंत आणून सोडला. भाऊराव म्हणाला, साहेब, पान्याशिवाय तोटी काऊन बसवता? मी म्हटलं, तयारी. सौ.ने तोटीला हळद-कुंकू वाहिलं. मग पूजेला घेतलेलं तांब्यातलं पाणी परत माठात ओतलं.

शेजारच्या केसरबाई बघून गेल्या. जळल्या.

शुक्रवार, २ मार्च

नगरपालिकेत चौकशी केली. आमचा नंबर आता ५८. कारकून म्हणे, रजिस्टर नवीन केलं. मेंबर लोकांचे काही अर्ज आधीच आले होते म्हणे, ते सापडले. असो. अर्ज वाढतात याचा अर्थ लोकांचा स्कीमवर विश्वास बसतो आहे.

लेखी निवेदन दिलं. तीन पानी.

शुक्रवार, ९ मार्च

भगवानरावांचं कार्ड. पंचवीस तारखेला, रविवारी घर पाहायला येतात. सोबत गीता. ओळ आहे: 'नळ पाहिला की लगेच तारीख धरू.'

सोळा दिवस आहेत. सोळा दिवसांत सरकारं बदलतात.

बुधवार, १४ मार्च

काही बदललं नाही. नगरपालिकेच्या अध्यक्षांना भेटलो. ते म्हणाले, उकंडराव, धरनात चिखल हाय, चिखल देऊ काय नळाले? सगळे हसले. मीही हसलो. बाहेर येऊन पायरीवर बसलो. निवृत्ती येत्या श्रावणात तीस पूर्ण करील. हे स्थळ गेलं तर पुढचं येणार नाही, कारण आमच्या घराचं नाव आता पार जळगाव जामोदपर्यंत पोचलंय: पोरगा चांगला, पण पाणी नाही.

घरी येऊन न्हाणीत जाऊन रडलो. तोंड धुवावं म्हटलं तर बादली रिकामी. धोतराला पुसलं.

मंगळवार, २० मार्च, सकाळ

सुचलं! इतकं सोपं की इंजिनियरांना सुचलं नसतं. न्हाणीच्या धाब्यावर एक ड्रम. ड्रमच्या बुडातून पाइप, भिंतीमागून खाली, थेट तोटीला. तोटी फिरवली की पाणी. भाऊराव फिटर रविवारच्या आत जोडून देतो म्हणाला. जाताना मात्र विचारून गेला, पन ड्रमात पानी कोन भरंन?

तपशिलात अडकणारा माणूस.

शनिवार, २४ मार्च

अतोनात कष्टाचा दिवस. ड्रम भरला. पंधरा घागरी बसल्या. सौ.ने काल-आज मिळून आठ आणल्या, निवृत्तीने बाकीच्या कावडीने, उंद्रीच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या विहिरीवरून. निवृत्ती आधी नाही म्हणत होता. म्हणे, बाबा, खरं सांगून टाकू. मी म्हणालो, सांगून तीन स्थळं गेली. मग सौ. म्हणाली, जाऊ दे बापू, एक डाव भर. तो उठला.

मी धाब्यावर उभं राहून लेव्हल बघत होतो. उन्हाने चक्कर आली.

सौ.ने शेवटची घागर शिडीवरून वर दिली आणि तिथंच बसली. कंबर धरली म्हणते. उद्याचा दिवस काढ म्हटलं.

रविवार, २५ मार्च, सकाळी ७

तोटी चिंचेने घासून घेतली. झळकते. आज निवृत्तीचं जमणार.

रविवार, रात्री

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते कळेल.

नऊच्या एसटीने भगवानराव आणि गीता आले. मी पाय धुवायला सरळ तोटीवर नेलं. फिरवली. धार! भगवानराव म्हणाले, वा इवाई. इवाई म्हणाले, म्हणजे व्याही! निवृत्ती खाली बघत होता.

मग गीता पुढे झाली. तिने धारेखाली हात धरला आणि धरूनच राहिली. तांब्याभर गेलं, दोन तांबे गेले. मला बंद कर म्हणवेना. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती म्हणाली, सिंधूले घागर नाही वाहा लागनार. तोटी आहेच तशी, पाहून कुणालाही भरून येईल.

इथपर्यंत प्लॅन शंभर टक्के.

घोटाळा केसरबाईंनी केला. कुंपणावरून धार पाहिली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, अवं या वं, उकंडरावच्या घरी नळ सुटला! पाच मिनिटांत अंगणात घागरी, बादल्या, डबे, एक जण तर पाळण्यातलं लेकरू काखेत आणि हातात टोप घेऊन आली. मी म्हणालो, बायांनो, आज टेस्टिंग आहे. कोणी ऐकेना. आणि भगवानराव दिलदार माणूस. खुर्चीतून म्हणाले, भरू द्या इवाई, पान्याले कोनाले नाही म्हनू नये. स्वतः उठून घागरी लावायला लागले. एक झाली, दोन झाल्या. मी मनात मोजत होतो. सौ. दाराच्या चौकटीला धरून उभी, तीही मोजत होती.

अकराव्या घागरीला तोटी खोकली. बाराव्याला गप्प.

मी म्हणालो, प्रेशर. भगवानरावांनी तोटीकडे पाहिलं, मग पाइपाकडे, मग पाइप जातो तिकडे वर. शिडी तिथंच होती. चढले. ड्रममध्ये हात घातला असावा, टणकन आवाज आला. खाली उतरले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. निवृत्तीजवळ गेले आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर बाजूला केली. खांद्यावर कावडीचे वळ, लाल, एके ठिकाणी सोललेलं. त्यांनी कॉलर परत नीट बसवली.

मग केसरबाईंनी आपली घागर उचलली, आत नेली आणि आमच्या माठात ओतली. सौ.ला म्हणाल्या, सत्यभामाबाई, मले काय मालूम तुह्या कंबरेचं पानी हाय. दुसऱ्या दोघींनीही ओतलं.

पाहुणे अकराच्या एसटीने गेले. जाताना नमस्कार केला.

वेळेत तोटी बंद केली असती तर काहीच कळलं नसतं.

सोमवार, २६ मार्च

सौ. उठली नाही. उठता येत नाही. निवृत्ती शाळेआधी चार घागरी आणतो, शाळेनंतर चार. ऑफिसात लक्ष नाही. बारदानाच्या रजिस्टरमध्ये 'नळ' लिहिलं.

शुक्रवार, ३० मार्च

खामगावहून पत्र नाही. सौ. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी शेजारी बसून पुढची स्ट्रॅटेजी सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मले थोडं पानी द्या. माठ रिकामा होता.

बुधवार, ४ एप्रिल, पाडवा

कार्ड आलं! भगवानराव मुलगी द्यायला तयार आहेत!

मी म्हणतच होतो. माणूस शेवटी घराणं बघतो.

तोच दिवस, संध्याकाळ

कार्डाची मागची बाजू आत्ता वाचली. लिहितात: 'मुलगा स्वतः पाणी भरतो हे डोळ्यांनी पाहिले. अशा मुलास मुलगी देण्यास हरकत नाही. मात्र बदली करून घेऊन दोघांनी खामगावात राहावे. आमच्या मागची खोली रिकामी आहे, नळ दाराशी आहे. तुमच्या सौ.ची कंबर इकडच्या डॉक्टरांना दाखवू, त्यांनाही पाठवून द्यावे.' माझ्याबद्दल शेवटी एक ओळ: 'आपणांस नमस्कार.'

निवृत्तीला विचारलं. तो म्हणाला, बदलीचा अर्ज मी परवाच दिला. मला न विचारता. ड्राफ्टही दाखवला नाही.

रविवार, ६ मे

लग्न लागलं. खामगावला, मुलीकडे. पंगतीत पाण्याला तोटा नव्हता. निवृत्ती किती वेळा हसला ते मोजलं नाही. सून वाकून पाया पडली. मी तिला म्हणालो, आपल्या घरीसुद्धा लवकरच नळ येतो. ती म्हणाली, हाव, मामंजी. चांगली मुलगी आहे.

शनिवार, १२ मे

सौ.ला निवृत्ती घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात दोन महिने जड उचलायचं नाही. एसटीत बसताना ती खिडकीतून म्हणाली, डब्यात चटनी हाय. माठ तिरपा ठेवू नका. आनि इहिरीवरचा दगड तिथंच हाय, कोनी हलवला तर भांडजा.

काहीतरीच. निघताना माणूस काय बोलतं.

निश्चय: दोन महिन्यांत नळ आणून दाखवणार. पाणी सुटल्याची तार करणार.

सोमवार, १४ मे

माठात तळाशी दोन तांबे. काटकसर हा सवयीचा भाग आहे. आंघोळ उगाच रोज करतात लोक.

बुधवार, १६ मे

केसरबाईंनी काल लोटाभर पाणी दिलं. आज दुपारी पुन्हा मागायला गेलो तर म्हणाल्या, देतो, पन भाऊ, तुमाले दोन हात हायत की नाही? ऑफिसात पाण्याच्या माठाजवळची खुर्ची मागून घेतली.

घर फार मोठं वाटतं. चटणी संपली.

शुक्रवार, १८ मे

सकाळी घागर घेऊन माळ्याच्या विहिरीवर गेलो. मैलभर नाही, जास्त आहे. सौ.ने कमी सांगितलं होतं.

दगडांची रांग होती, तीस-बत्तीस. बाया बाभळीखाली बसलेल्या. मी म्हणालो, मी पहिल्यांदाच आलोय, माझा नंबर कुठून सुरू होईल? एक म्हातारी म्हणाली, तुमचा नंबर हाय ना. सातवा. तो काय उकंडराव. आणि तिने दगड दाखवला. काळा, बसका, वरच्या अंगाला हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

सौ. माझं नाव घेत नाही. म्हणून दगडाला बायांनीच ठेवलं म्हणे. आमच्या घरचा नंबर आला की बाया ओरडायच्या, उकंडराव आला, उकंडराव आला! मग ती घरून पळत यायची. बारा उन्हाळे. सत्यभामाबाई गेल्यापासून केसरबाई रोज तो दगड पुढे सरकवून ठेवतात, नंबर मोडू नये म्हणून.

बसलो. साडेबाराला हाक झाली, उकंडराव आला. मी उठलो. बाया हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

घागर डोक्यावर राहीना. कमरेवर घेतली. घरी पोचेपर्यंत अर्धी झाली, बाकीची धोतरावर. ती अर्धी माठात ओतली आणि माठ सरळ ठेवला.

उद्यासाठी दगड लावून आलो आहे. नगरपालिकेत नंबर बघायला जायचं होतं, ते राहून गेलं.